विनिपेगमध्ये पहाटेचे साडेचार

टायला गाठ मारलेलीच होती. खरं तर ती गाठ नव्हती, गाठीच्या आकाराचा एक फुगवटा होता आणि त्याच्या पाठीमागे प्लॅस्टिकचा चिमटा — कॉलरच्या मधोमध तो खट्कन बसवला की माणूस अधिकारी व्हायचा आणि काढला की पुन्हा कैवल्य. चिमट्याचा एक दात तुटला होता. त्यामुळे सकाळी सरळ असलेलं अधिकारीपण दिवसभरात हळूहळू डावीकडे कलायचं, जेवणाच्या सुमाराला ते खांद्याच्या दिशेनं निघालेलं असायचं, आणि पाच वाजेपर्यंत... पण पाच वाजेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघतही नसे. आत्ता सकाळचे आठ वाजत होते. त्यानं टाय उलटीसुलटी केली, चिमट्यात अडकलेला कसला तरी निळा धागा ओढून काढला, आणि ती टेबलावर ठेवून दिली. आईशी बोलून झाल्यावर लावू. अधिकाऱ्याच्या वेषात आईशी बोलणं त्याला अजून जमत नव्हतं. खोटं बोलायचं तर निदान साध्या कपड्यांत बोलावं, एवढं पथ्य तो पाळायचा.

चंडीगढच्या सेक्टर चौतीसमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावर परदेशी जाऊ पाहणाऱ्यांना इंग्रजी शिकवत, त्यांचे फॉर्म भरून देत, आणि शेवटच्या आठवड्यात — हा मालकांचा, सोढी सरांचा, स्वतःचा शोध होता — व्हिसाच्या मुलाखतीची रंगीत तालीम करून घेत. त्यासाठी सरांनी कुठल्याशा बंद पडलेल्या बँकेचा कॅश काउंटर विकत आणून कोपऱ्यातल्या खोलीत उभा केला होता. जाड काच, काचेला तोंडाच्या उंचीवर गोल भोकं, खाली कागद सरकवायची फट. काचेवर ‘नकद’ हा शब्द खरवडूनही पुरता गेला नव्हता, उन्हात तिरकं बघितलं की दिसायचा. काचेच्या आतल्या बाजूला कैवल्य बसायचा. त्याला ही नोकरी मिळाली ती दोन कारणांनी. एक, तो खरोखर कॅनडात दोन वर्षं राहिला होता. दोन, तो बार्शीचा होता. ऑफिसर आपला माणूस वाटता कामा नये, सोढी सरांचं म्हणणं. आपला वाटला की लोक त्याला घरी जेवायला बोलावतात. कैवल्यकडे बघून कुणालाही तसं वाटलं नव्हतं. कैवल्य हे नाव मात्र इथल्या जिभांना झेपलं नाही, पहिल्याच दिवशी त्याचं केवल झालं. केवल जी. सुरुवातीला तो दुरुस्ती करायचा. मग त्यानं सोडून दिलं. एखाद्या माणसाचा पत्ता खोटा, वेळ खोटी, टाय खोटी, आणि नावच तेवढं खरं — हे शोभलंही नसतं.

काउंटरच्या मागच्या भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत एक चित्र चिकटवलेलं होतं: मेपलची झाडं, लालभडक, पानन् पान पेटलेलं, आणि मधून जाणारा एक निर्मनुष्य रस्ता. ते चित्र पाठीशी घेऊन फोनसमोर बसलं की कैवल्य विनिपेगमध्ये असायचा.

आता यात त्याचा अमुक एका दिवशी अमुक एक गुन्हा झाला असं नव्हतं. सगळं इतकं हळू झालं होतं... विनिपेगमधलं काम चालू होतं, गोदामांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर, मॅनेजर भला माणूस. फक्त वर्क परमिटची मुदत संपत आली, कागद नवे करायचे, पासपोर्टवर नवा शिक्का हवा, तो देशाबाहेर जाऊन घ्यायचा. तीन आठवड्यांचं काम. खोलीतला सोबती हरमन म्हणाला, चंडीगढहून कर, तिथे लोकांना या कामाची सवय आहे, शहराला लागूनच खरड गाव आहे, तिथला आमचा फ्लॅट रिकामाच पडलाय. कैवल्यनं ठरवलं, घरी सांगायचं नाही. शिक्का घ्यायचा, तसंच बार्शीला जायचं, दार वाजवायचं. आई दार उघडेल आणि... त्यानं तो प्रसंग इतक्या वेळा मनात बघितला होता की आईच्या हातातली वस्तूसुद्धा ठरलेली होती — पोळीचं लाटणं. त्याला सात महिने झाले. फाइलवर रोज एकच शब्द: विचाराधीन. सरप्राइझ ही दुधासारखी नाशवंत वस्तू आहे हे कुणीतरी त्याला वेळेवर सांगायला हवं होतं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर आई हसली असती. तिसऱ्या महिन्यात रडली असती. पाचव्यात बाबांनी फक्त ‘बरं’ म्हटलं असतं, आणि बाबांच्या त्या ‘बरं’ला तो उभ्या जन्मात दोनदाच सामोरा गेला होता, दोन्ही वेळा गणितात नापास होऊन. सातव्या महिन्याचं काय होईल याचा त्यानं विचारच केला नव्हता. मॅनेजरनं कळवलं होतं, जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो. आज अठरा फेब्रुवारी.

आणि गंमत अशी की त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो दिवसभर काचेमागून लोकांना विचारायचा — का जाताय, कुणाकडे जाताय, परत याल याचा पुरावा काय — आणि त्याच्या स्वतःच्या फाइलला मुलाखत नव्हती. त्याच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. मी कधीपासून वाट बघतोय कुणीतरी विचारावं म्हणून...

फोन वाजला. आठ वाजून सहा मिनिटं. म्हणजे विनिपेगमध्ये रात्रीचे आठ छत्तीस. तो जेवलेला असणार. काय जेवला? खिचडी. काल काय सांगितलं होतं? खिचडी. मग आज पिठलं.

पडद्यावर आई आणि बाबा दोघंही, नेहमीसारखी अर्धी अर्धी. पण मागची भिंत बार्शीची नव्हती. मागे एका चौकटीत लष्कराची कसली तरी ढाल, आणि खिडकीतून दिसणारा सिल्व्हर ओक. कारण आई-बाबा तीन दिवसांपासून चंडीमंदिरला होते. पंचकुल्याच्या कडेला, लष्कराच्या वसाहतीत. इथून बारा-तेरा किलोमीटर.

आईच्या मैत्रिणीची मुलगी इंद्रायणी, तिचा नवरा मेजर, त्याची बदली इकडे झालेली. तिनं आग्रह केला, आईनं अमृतसर जोडून घेतलं. महिन्याभरापूर्वी आईनं ही बातमी दिली तेव्हा कैवल्य ‘वा’ म्हणाला होता. मग पुन्हा ‘वा’ म्हणाला होता. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यानं रेंज गेल्याचं निमित्त केलं. तीन दिवस तो शहरात चोरासारखा वावरत होता. बस थांब्यावर झाडामागे उभा राहायचा, चौकात कुणी मराठीत बोलल्याचा भास झाला की दुकानात शिरायचा. असा शिरून काल त्यानं विनाकारण एक कुकरची रिंग घेतली होती.

आई सांगत होती की आज संध्याकाळी सहाच्या गाडीनं अमृतसर, त्याआधी दुपारी सुखना लेक. इथे रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडच्या बाजूला जायला डबा बरोबर घ्यावा लागेल. आणि इथे जो तो तुमच्या कॅनडाचंच बोलतो. इंद्रायणीकडच्या ड्रायव्हरचे तीन भाऊ तिकडे आहेत. “मी त्याला म्हटलं, आमचा एकटाच आहे बाबा तिकडे, भावांना सांग जरा लक्ष ठेवायला.” कैवल्य हसला. मग आई म्हणाली, तू बारीक झालायस. तो हसला. मग म्हणाली, पिठल्यात हिंग घातलास का. तो पुन्हा हसला.

बाबा मागच्या मेपलकडे बघत होते. बाबा म्हणजे चंद्रकांत गुरुजी, चौतीस वर्षं भूगोल. घरच्या हॉलमध्ये त्यांनी जगाचा नकाशा लावला होता आणि विनिपेगवर लाल डोक्याची टाचणी टोचली होती. कैवल्य खरडमध्ये झोपायचा पण पाठीत ती टाचणी घेऊन. “आमच्या पुस्तकात पानझडी वृक्ष होते,” बाबा म्हणाले. “तुमच्याकडचे पानधरी दिसतात.”

ऑफिसातलं चित्र आहे ते, बाबा. हे तो ऑक्टोबरातही म्हणाला होता. डिसेंबरातही. रात्री साडेआठला ऑफिसात काय करतोस, असं बाबांनी कधी विचारलं नव्हतं.

“सूर्य किती वाजता मावळला आज?”

“पाच पन्नास.” हे पाठ होतं. बाबा रोज विचारायचे, म्हणून तो रोज आधी बघून ठेवायचा. आपण कुठे उभे आहोत हे सूर्याला विचारावं, माणसांना नाही, हे बाबांचं वर्गातलं वाक्य. बाबांनी मान हलवली, जणू गुण दिले.

आणि तेवढ्यात ते आलं. हवाई दलाचं जाडजूड मालवाहू विमान, सेक्टर चौतीसच्या गच्च्यांवरून, इतकं खालून की काउंटरची काच थरथरली आणि फटीतला कागद आपोआप आत सरकला. आईनं विचारलं, कसला रे आवाज. विमान, तो म्हणाला. खरं तेच तोंडातून निघालं. मग तो भराभरा बोलत राहिला, बर्फाबद्दल, बसबद्दल, हरमनच्या नव्या बुटांबद्दल, आणि बोलता बोलता त्याचं अर्धं मन त्या विमानामागून पळत होतं — डावीकडे वळ, डावीकडे, दिल्लीला जा — मिनिटभरानं, दीड मिनिटानं, फोनमधून तोच आवाज आला. आधी बारीक. मग खिडकीतला सिल्व्हर ओक हलला. आईनं वर बघितलं आणि तिला आनंद झाला.

“आमच्याकडेही आलं बघ!”

“तेच असेल,” बाबा म्हणाले.

“अहो, काहीतरीच काय. विनिपेगहून एवढ्यात येईल होय?” आई इतकी हसली की तिची अर्धी चौकट रिकामी झाली. कैवल्यही हसला. बाबा नाही हसले. पण बाबा स्वतःच्या विनोदाला कधीच हसत नसत, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

फोन ठेवल्यावर तो लाल पानांखाली थोडा वेळ बसून राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक असतात. आपण ताकाला जाऊन स्वतःलाच लपवून बसलोय, आणि ताकवाली हाका मारतेय... मग त्यानं टाय लावली.

अकरा वाजता गुरदयाल सिंग आले. रोपडच्या बाजूचं गाव, सत्तरीचं वय, फिकट निळी पगडी, हातात स्टीलचा डबा. मुलगा अमेरिकेत, फ्रेस्नोला, ट्रक चालवतो. त्याला भेटायला जायचंय. सोढी सरांचा नियम असा की पहिल्या तालमीत प्रत्येकाला नाकारायचं. एकदा भीती निघून गेली की माणूस खऱ्या काचेसमोर ताठ उभा राहतो. नाकारण्यासाठी एक शिक्काही होता, लाकडी मुठीचा, आणि तो इतका जोरात आपटायचा की बाहेरच्या वर्गातली मुलं व्याकरण थांबवून ऐकायची.

कैवल्यनं भोकांतून विचारलं, का जाताय. फिरायला, म्हातारा पाठ केल्यासारखा म्हणाला, नातवाचा वाढदिवस, सहा आठवडे. परत याल याचा पुरावा काय. आठ एकर जमीन, दोन म्हशी, बायको, बायकोचे गुडघे. बरोबर. सगळं सरांनी शिकवल्याप्रमाणे. इथे थांबायचं आणि शिक्का मारायचा. पण गुरदयाल सिंग थांबले नाहीत. ते काचेच्या आणखी जवळ आले, त्यांची दाढी भोकांना टेकली, आणि एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसं म्हणाले,

“साब जी, मुंडा फोन ते हसदा बहुत ए. पहलां नहीं सी हसदा.”

पोरगा फोनवर फार हसतो. आधी हसायचा नाही. एवढंच. मला बाकी काही बघायचं नाही, ते पंजाबीतच पुढे सांगत होते, त्याला एकदा समोर बसवून बघतो, भाकरी खाताना बघतो, आणि येतो परत. भाकरी खाताना माणूस खोटं हसू शकत नाही.

कैवल्य म्हणाला हे असं मुलाखतीत बोलायचं नाही. हो जी, ते म्हणाले. हे बोललात तर कुणीही व्हिसा देणार नाही. हो जी. त्यानं शिक्का उचलला. तो खाली आणायला नेहमीपेक्षा वेळ लागला, आणि आवाजही नीट झाला नाही, कुणीतरी दार हळूच लावावं तसा झाला. गुरदयाल सिंग यांनी नाकारलेला कागद घडी घालून खिशात ठेवला, दोनदा धन्यवाद म्हटलं, आणि डबा उघडून फटीतून एक पिन्नी आत सरकवली. घरच्या तुपातली. कणकेचा तो लाडू फटीत अडकला. दोघांनी दोन बाजूंनी ढकलून-ओढून तो आत घेतला, अर्धा चुरा ‘नकद’च्या बाजूला राहिला.

सकाळी मी किती वेळा हसलो? त्यानं मोजायला सुरुवात केली. पिठलं, हिंग, ड्रायव्हरचे भाऊ, बारीक, विमान... अकरा. एका फोनमध्ये अकरा वेळा. बार्शीत असताना तो वर्षाला अकरा वेळा हसत असेल. शाळेत त्याच्या फोटोखाली एकानं ‘शोकसभेचे अध्यक्ष’ असं लिहिलं होतं.

दोन वाजता आईचे फोटो येऊ लागले. तळं. तळ्यासमोर बाबा. तळ्यासमोर बाबा, पण डोळे मिटलेले. बदक. बदकाचा मागचा भाग. खाली आईनं लिहिलं होतं: तू असतास तर. पुढे काहीच नाही. वाक्य पुरं करायला विसरली की तेवढंच म्हणायचं होतं... तो बराच वेळ त्या तीन शब्दांखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. असता तर काय झालं असतं? असता तर तो असला असता. हे उत्तर चूक नव्हतं, पण यावर त्यानं कुणालाही व्हिसा दिला नसता.

त्यानं सोढी सरांना सांगितलं की दाढ दुखतेय. सरांनी मनापासून सल्ला दिला: “केवल जी, सारे दांत इत्थे ही ठीक करवा लो. कैनेडा में दांत बहुत महंगा है.” सरांना सगळं ठाऊक होतं, फाइल, महिनाअखेर, सगळं, तरी ते नेहमी असं बोलत की जणू त्याचं विमान संध्याकाळी आहे. त्यांच्या धंद्यात ही एक प्रकारची सभ्यता होती.

ऑटोत बसल्यावर त्यानं स्वतःला बजावलं की आपण फक्त बघायला चाललोय. लांबून. समोर बसवून नाही, भाकरी खाताना नाही. तोंडाला मास्क, डोक्यावर हरमनच्या भावाची लोकरी टोपी, कानांवर ओढलेली. एकामागून एक सारखेच चौक जात होते, सारखीच झाडं, सारख्याच पाट्या. वहीच्या चौकटी आखून वसवलेलं शहर, बाबांना फार आवडलं असणार. इथे हरवायचं म्हटलं तर माणसाला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. त्यानं सात महिने केले होते. आणि समजा सांगितलं — समजा पुढे जाऊन नुसतं ‘आई’ म्हटलं — तर पुढच्या क्षणी काय कोसळेल? विनिपेग कोसळेल. त्यातला पगार, बर्फ, हरमनचे बूट, रोजचा सूर्यास्त, आईनं अर्ध्या बार्शीला सांगितलेला तो सगळा गाव. आणि त्या जागी काय उरेल: खरडचा एक पंखा, चिमट्याची टाय, एक कुकरची रिंग. कुकर नाही. नाही सांगितलं तर सहाच्या गाडीनं ते जातील, आणि मग हे कधीच सांगता येणार नाही. दुसऱ्या खंडात असताना लपवणं वेगळं. पोरगा एकाच गावात असून आला नाही, याला बार्शीत एकच शब्द होता आणि तो शिवी होता.

ते त्याला लगेच सापडले. आईनं साडीवर बाबांचा राखाडी स्वेटर घातला होता आणि पायात पांढरे बूट, जे तिनं अमृतसरसाठी नवे घेतले होते आणि फोनवर तीन दिवस ज्यांची तक्रार चालली होती. इंद्रायणी तिच्या मुलीला घेऊन पायडलच्या बोटीत गेली होती. दूर पाण्यात ती पोरगी “आजी, इधर देखो” असं ओरडत होती आणि आई हात हलवत होती. बाकावर दोघंच. बाबांच्या शेजारी बाकाच्या मोकळ्या भागावर आईची फुगलेली कापडी पिशवी. त्यांच्या मागे झाडाखाली आणखी एक बाक होतं, पाच-सहा पावलांवर. तो तिथे जाऊन बसला. इतक्या जवळ बसायचं ठरलं नव्हतं. पाय असेच नेतात.

आईच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. फोनमध्ये मान दिसत नाही.

बाबा सावकाश मागे वळले. कैवल्यनं टोपी भुवयांपर्यंत ओढली. पण बाबा सूर्य बघत होते. तळं समोर, डोंगर समोर, सूर्य पाठीशी, आणि सूर्याच्या नि बाबांच्या बरोबर मध्ये टोपी आणि मास्क घातलेला एक इसम. बाबांनी डोळ्यांवर हात धरला. किती वेळ? सूर्याची उंची बघायला जितका लागतो तितका. कदाचित थोडा जास्त. मग ते वळले आणि घड्याळात बघितलं.

“चार वाजले,” ते म्हणाले. “तिकडे पहाटेचे साडेचार.”

आई म्हणाली, तळ्याचा आवाज पाठवू का त्याला, बोलून पाठवते ना ते, उठल्यावर ऐकेल. तिनं फोन काढला, तोंडाजवळ धरला, अंगठा दाबला आणि तिच्या रोजच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या बाकावरचे दोघं दचकतील अशा आवाजात, सुरू केलं, “कैवल्य, अरे—”

“हळू बोल,” बाबा म्हणाले. “झोपलाय तो.”

आईनं अंगठा बाजूला सरकवून ते खोडलं. “अहो, मी इथे हळू बोलून तिकडे काय फरक पडणारे?”

“पडतो.”

तिनं एकदा बाबांकडे बघितलं, मग खांदे उडवले. चौतीस वर्षं मास्तरांच्या घरात राहिलेल्या बाईला काही गोष्टी न समजता मान्य करायची सवय असते. आणि मग अंगठा पुन्हा दाबून ती खरंच हळू बोलू लागली. कुजबुजत. लहानपणी तो तापानं पडला असताना ती बाहेरच्या खोलीत शेजारणीशी बोलायची तशी, शब्द कळतात न कळतात, नुसती लय तेवढी आत येते. इथे फार छान आहे रे... पाणी अगदी... तुझे बाबा सारखे सूर्याकडे... तू ये म्हणजे आपण... गाडी सहाला आहे, अजून वेळ आहे...

लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, वीज चमकली की मोजायचं, गडगडाट येईपर्यंत; मोजलेल्याला तीननं भागलं की कळतं वीज किती किलोमीटरवर पडली. आईनं अंगठा उचलला. एक. दोन... खिशातला फोन थरथरला. बाकाची लाकडी पट्टी ती थरथर घेऊन गुरगुरली, चांगली ऐकू येईल अशी. दोनला तीननं भागायचं. पूर्ण एकही येत नाही.

आई बोटीकडे बघत होती. बाबा पाण्याकडे. मागे न बघता बाबांनी हात लांबवला, शेजारची फुगलेली पिशवी बंदांना धरून उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. कुणी जागा मागितली नव्हती. पिशवी जड असावी, कारण त्यांनी ती दोनदा सारखी केली, आणि मग तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते बसून राहिले. बाकावर त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा झाली. त्या जागेवर झाडातून गाळलेलं ऊन पडलं होतं.

परत याल याचा पुरावा काय. हे काचेतून त्यानं हजारदा विचारलं होतं. आत्ता कुणी विचारत नव्हतं. ना शिक्का, ना फट, मध्ये नुसती पाच-सहा पावलं हवा. मास्क काढायला त्यानं हात वर नेला आणि त्याच्या लक्षात आलं की टाय अजून लागलेलीच आहे. पार खांद्यावर गेली होती. त्यानं चिमटा दाबला आणि ती हातात आली.

आणि तेव्हा — उठायचं की नाही हे ठरायच्या आधीच — त्याला काहीतरी जड, ऊबदार, पायांपासून वर चढताना जाणवलं, आणि ते काय आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला, कारण सात महिने त्यानं दोन गावांची दोन घड्याळं पाळली होती आणि दोन्हींतली रात्र त्याच्या वाट्याला धड आली नव्हती. त्याला झोप येत होती. भर दुपारी, उन्हात, माणसांच्या गर्दीत, खरीखुरी झोप. समोर आई अजूनही हळूच बोलत होती, आता फोनवर नाही, बाबांशी, पण आवाज तिनं खालचाच ठेवला होता, तिकडे साडेचार वाजले होते ना. आणि सूर्य पाठीवर होता, आणि त्या जागेवरचं ऊन हलत होतं, आणि तो डोळे मिटू नयेत म्हणून त्या उन्हाकडे एकटक बघत राहिला.